बालाघाटाच्या मापाची चाकं

पुण्या-नाशकाकडचा माणूस अंबाजोगाईला आला की हमखास विचारतो, "तुमचा तो बालाघाट कुठाय?" त्याला सांगावं लागतं, की तुम्ही त्याच्या माथ्यावरच उभे आहात. सह्याद्री खालून वर बघायचा डोंगर आहे, बालाघाट वरून खाली बघायचा. पठारावर लांबच लांब ज्वारी, तूर, सोयाबीन. सगळं सपाटच वाटतं. मग मुकुंदराजांच्या समाधीकडे निघालं, की रान संपता संपता जमीनच तुटते आणि समोर दरी उघडते. बुट्टेनाथाकडे तेच. धारूरच्या घाटात तेच.

सायकल चालवणाऱ्याला ही गोष्ट पायांतून कळते. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणारा माणूस सकाळी ताज्या दमानं चढतो आणि घरी उतरत येतो. आमच्याकडे उलटं. पहाटेच्या गारव्यात दरीत उतरायचं आणि ऊन डोक्यावर आल्यावर, बाटलीतलं पाणी तळाला गेल्यावर, दगडधोंड्यांतून घराकडे चढायचं. म्हणून मी माउंटन बाईक निवडायला बसले तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न एकच होता: परतीची चढण कुठल्या सायकलवर निभेल? बाहेरच्या देशांतली परीक्षणं वाचली तर त्यांतली बरीचशी उताराबद्दल असतात. तिकडे डोंगरावर सायकली वर नेणाऱ्या लिफ्ट असतात, नाहीतर गाडी वर सोडते. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण मला वर आणणारं कुणी नाही, आणि मार्चपासून पुढे आमचं ऊन कसं असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

शेवटी मी २७.५ इंची चाकांची, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेतली. जगाचा ओढा २९ इंचांकडे असताना हे माप का, आणि मागच्या शॉकअपचा खर्च कशासाठी, हे ओळखीचे पुष्कळ जण विचारतात. आमच्या भागात सायकल नुसती व्यायामाची गोष्ट न राहता रानात फिरायची गोष्ट होऊ लागलीय, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जमीन. बालाघाट म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कठीण काळा पाषाण, त्याखाली कुजून मऊ झालेला थर, पुन्हा पाषाण. पावसानं मऊ थर झिजतो, कठीण थराची कड तशीच राहते. त्यामुळे दरीत उतरणारी पायवाट म्हणजे ओबडधोबड पायऱ्याच. गुडघ्याएवढी एखादी, बाकीच्या वितीएवढ्या, आणि त्यांच्यामध्ये सुटे गोटे. वर पठारावर बरड रान, मुरमाड, तिथं चाक सुरेख पळतं. आणि शेतांच्या मधून जाणाऱ्या पाणंदी काळ्या मातीच्या. उन्हाळ्यात त्यांत बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळून बसलेल्या असतात, आणि पावसाळ्यात तर त्यांचं नावच काढू नये. एका सकाळी निघालेली सायकल डांबर, खडी, मुरूम, वाळलेली चाकोरी, ओढ्यातली वाळू आणि पाषाणाच्या पायऱ्या एवढं सगळं बघून येते.

याआधी माझ्याकडे हार्डटेल होती, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली. चांगली सायकल. तिच्यावर मी पुष्कळ फिरले. उतरताना ती हादरवायची, पण उतार उभं राहून, गुडघे-कोपर सैल सोडून निभावता येतो. अडायचं ते चढताना. चढावर बसून पायडल मारावं लागतं, कारण उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते मुरमात नुसतं फिरतं. बसून मारावं तर मागचं टायर धोंड्याला धडकतं, सायकलीसकट मीही वर उचलली जाते, क्षणभर टायर हवेत, आणि नेमका त्याच क्षणी पायातला सगळा जोर वाया. सायकल थांबते, पाय टेकतो. सुट्या गोट्यांच्या चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात करणं म्हणजे दिव्य. मग ढकलत चाला.

मागचा शॉकअप इथं कामाला येतो. लोकांना वाटतं तो उड्या मारायला असतो. असेलही ज्याच्या-त्याच्या रानात. माझ्या रानात त्याचं काम चढावर आहे. टायर धोंड्यावर चढतं तेव्हा फ्रेमचा मागचा त्रिकोण तेवढाच वर जातो, सीट जवळजवळ जागेवर राहते, आणि धोंडा ओलांडला की स्प्रिंग टायरला परत जमिनीवर दाबते. टायर जमिनीला धरून राहिलं म्हणजे पायडलचा जोर जमिनीत उतरतो. कंबर वाचते हा वरचा फायदा, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला तो फायदा लहान नाही.

तरी मी स्पष्ट सांगते, आमच्या भागातल्या बहुतेकांना मागच्या शॉकअपची गरज नाही. डांबरी रस्ता, बरडावरची वाट, गावाबाहेरच्या टेकड्या यांना हार्डटेल पुरून उरते. त्याच पैशात हार्डटेलला चांगले ब्रेक, चांगला फोर्क म्हणजे पुढचा शॉकअप, हलकी चाकं मिळतात. दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल त्याच दर्जाच्या हार्डटेलपेक्षा दीड-दोन किलो तरी जड भरते, आणि किंमत कितीतरी जास्त. आणि दहा-पंधरा हजारांत मिळणारी, मागे जाड लोखंडी स्प्रिंग लावलेली 'डबल शॉकर' तर पोरांना घेऊन देऊच नका. त्या स्प्रिंगला आवर घालणारं तेल-डॅम्पिंग काही नसतं. पायडल मारलं की सायकल खाली-वर झुलते, निम्मा जोर झुलण्यात जातो, आणि पोराला वाटतं सायकल चालवणंच अवघड आहे. चांगली कोवळी हौस अशा सायकलीवर मरताना मी पाहिली आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता चाकांचं. माउंटन बाईकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मारिन भागातला. १९७० च्या दशकात तिथली पोरं माउंट तामाल्पाइसच्या आसपास जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून पळवायची. त्या सायकलींची चाकं २६ इंची होती, म्हणून पुढची पंचवीस-तीस वर्षं माउंटन बाईक म्हणजे २६ इंच असंच चाललं. मग २९ आलं. २७.५ हे माप तसं जुनंच, फ्रेंच प्रवासी सायकलींचं ६५०बी. ते डोंगरात आलं २००७ च्या सुमारास, आणि मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरनं या चाकांवर वर्ल्ड कपची शर्यत जिंकली तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये शुर्टर २७.५ च्या हार्डटेलवर होता आणि झेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ च्या फुल सस्पेन्शनवर, म्हणजे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलीवर. शेवटच्या वळणांत कुल्हावी पुढे निघाला आणि एका सेकंदानं सुवर्ण घेऊन गेला. त्या एका सेकंदावर लोक अजून वाद घालतात. पुढे शुर्टर स्वतःही २९ कडे वळला. आज शर्यतींत २९ चंच राज्य आहे. उताराच्या सायकलींत पुढे २९ आणि मागे २७.५ अशी जोडीही चालते.

दुकानदार २७.५ ला 'मधलं माप' म्हणतात. रिमवर टायर जिथं बसतं तिथला व्यास बघा: २६ चा ५५९ मिमी, २७.५ चा ५८४, २९ चा ६२२. म्हणजे हे माप २६ पेक्षा २५ मिमीनं मोठं आणि २९ पेक्षा ३८ मिमीनं लहान. मधोमध नाही, लहान चाकाकडे झुकलेलं. माझ्या बाजूनं हे बरंच झालं, का ते पुढे येईलच.

मोठं चाक धोंड्यावरून सहज जातं, हे २९ च्या बाजूचं मुख्य म्हणणं. खरंच आहे. पण किती सहज? मी एका दुपारी वही घेऊन बसले. तिन्ही चाकांना ६० मिमी जाडीचं सारखंच टायर आहे असं धरलं आणि समोर १० सेंटिमीटर उंचीचा चौकोनी धोंडा ठेवला. टायर धोंड्याच्या कडेला जिथं टेकतं तिथला कोन काढला. २६ ला साधारण ४५ अंश, २७.५ ला ४४, २९ ला ४३. कोन जितका कमी तितकं चढणं सोपं. म्हणजे २९ पुढे आहे, पण २७.५ पेक्षा जेमतेम एका अंशानं. शर्यतीत दीड तास हजारो धोंड्यांवरून जायचं असेल तर एका अंशाचं सोनं होतं. मला दीड तासात दरीतून वर यायचं असतं आणि मागे कुणी लागलेलं नसतं.

चढणीचा हिशोब मात्र २७.५ च्या बाजूनं निघाला. त्याच टायरसकट २७.५ चा बाहेरचा व्यास ७०४ मिमी, २९ चा ७४२. पाच टक्क्यांचा फरक. चाक पाच टक्क्यांनी लहान म्हणजे प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी हलका. पुढची ३२ दात्यांची चकती २७.५ वर जेवढा जोर मागते, तेवढा जोर २९ वर ३० दात्यांची मागेल. दुकानात हे कुणी सांगत नाही. साडेनऊच्या उन्हात, शेवटच्या वळणावर, सगळ्यात हलका गिअर आधीच लागलेला असताना हा पाच टक्क्यांचा फरक मांड्यांना कळतो. शिवाय रिम आणि टायर लहान, म्हणून हलकी. चाक थांबून पुन्हा फिरवायला जोर कमी. आमच्या चढणी अखंड नाहीत. दहा हात चढ, मग पायरी, मग थोडी सपाटी, पुन्हा पायरी. दर पायरीला वेग शून्याच्या जवळ येतो आणि दर पायरीनंतर नव्यानं जोर लावायचा असतो.

यात देहाचं मापही आलं. माझी उंची पाच फूट दोन इंच. मराठवाड्यातल्या बाईला ही काही कमी नाही. आमच्याकडचे पुष्कळ पुरुषही साडेपाच फुटांच्या आतबाहेर असतात. पण सायकलींच्या परीक्षणांत चालवणारा बहुतेक वेळा पावणेसहा-सहा फुटी. त्याला २९ वर जे वाटतं ते मला वाटणार नाही, हे पुण्याला जाऊन दोन्ही चालवून बघितल्यावर समजलं. एकाच दुकानात नाही, दोन-तीन ठिकाणी फिरले. दुकानासमोरच्या फरशीवर गोल चक्कर मारून काही कळत नाही, म्हणून जवळचा चढाचा बोळ शोधून तिथं नेऊन बघितली. दुकानातल्या मुलांनी न कंटाळता साथ दिली.

२९ च्या लहान फ्रेमवर बसले तर सगळ्यात आधी जाणवलं हँडल. चाकाचा अक्षच १९ मिमी वर, त्यावर फोर्क, त्यावर हँडल. लहान फ्रेम म्हणून बाकी सगळं आखूड केलेलं, पण चाक तेवढंच. उभ्या चढावर माझं वजन पुढच्या चाकावर पोचेचना. चाक डावी-उजवीकडे भटकायचं, आणि जोर लावला की उचलायचं. उंच माणूस पुढे वाकून ते दाबून धरतो, माझे हात तेवढे लांब नाहीत. २७.५ वर हँडल खाली, छाती खाली, नाकासमोर चाक. त्याच बोळात ती सायकल सरळ रेघेत चढली.

दुसरं मागचं चाक. मागच्या चाकाची चाल, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की चाक वर येण्याचं अंतर, १३०-१४० मिमी असेल तर मोठ्या धक्क्याला टायर तेवढं वर, सीटच्या दिशेनं येतं. उंच माणसाची सीट वर असते, त्याला अंतर भरपूर. माझी सीट आधीच खाली, आणि उतारावर ड्रॉपर पोस्टनं, म्हणजे चालवता चालवता सीट वर-खाली करणाऱ्या दांडीनं, आणखी खाली घ्यायची. त्यात २९ चं टायर वर आलं तर पाठीमागे कपड्याला घासतं. पायऱ्यांच्या वाटेवर हे अजिबात चालणार नाही. ट्रेकसारख्या कंपन्या आपल्या काही मॉडेलांत लहान फ्रेमला मुद्दाम २७.५ चीच चाकं लावतात, त्यामागे हाच विचार आहे. बुटक्या माणसानं याला दुय्यम सोय समजू नये. ती त्याच्या मापाची गोष्ट आहे.

आता मिळण्याचं. २७.५ च्या फुल सस्पेन्शन सायकली नव्या घ्यायला गेलं तर पर्याय झपाट्यानं कमी होत चाललेत. साध्या गिअरच्या सायकलींत मात्र हे माप आपल्याकडे उदंड आहे. त्यामुळे साधं ट्यूब-टायर लातुरातही मिळतं, अडीनडीला अंबाजोगाईतही. मी वापरलेली सायकल घेतली. घेताना माझा भाचा बरोबर होता, उंचीनं माझ्यापेक्षा हातभर मोठा आणि सायकलीचं वेड माझ्याइतकंच. एकानं सीट धरून वर उचलायची आणि दुसऱ्यानं मागचं चाक धरून हलवायचं; कुठं 'टक्' असं लागलं की समजावं, एखादा जोड सैल आहे. शॉकअपच्या चकचकीत दांडीवरून नख फिरवायचं, ओरखडा असेल तर नख अडकतं. तिथून तेल गळतं आणि आपल्या धुळीत ते लवकर गळतं. वेल्डिंगच्या कडेनं आणि जोडांच्या भोवती कपड्यानं पुसून उजेडात बघायचं, केसाएवढी रेघ दिसली तरी सौदा सोडायचा. आणि मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी १४२ मिमी आहे की १४८ हे विचारून घ्यायचं, नाहीतर उद्या चाक बदलताना ते बसणारच नाही. पुढे १४० मिमी आणि मागे १३० मिमी चालीची, ॲल्युमिनियमची सायकल ठरली. ती खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली.

अंबाजोगाईत एका चाचांचं सायकलीचं दुकान आहे. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर त्यांनीच. तारा एकेक बोटानं छेडत, आवाजावरून सैल कुठली ते ओळखतात. मी सायकल त्यांच्या दुकानापुढे उभी केली. त्यांनी खाली बसून मागचे सगळे जोड मोजले आणि म्हणाले, "म्याडम, जितके जोड तितकी कुरकुर. पुढं शॉकअप होता की चांगला, मागचं काय करायलात?" मी त्यांना दरीतली वाट सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले, मग पाना घेऊन एक जोड उघडून बघायला लागले. आतली बेअरिंग बाहेर काढली, पुसली, तिच्या कडेवर कोरलेला नंबर डोळ्याजवळ नेऊन वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा तर चालू नंबर हाय. लातूरला मिळतंय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. या सायकलींच्या जोडांत बसणाऱ्या ६९०२, ६८०२ अशा बेअरिंग मापानं औद्योगिक प्रमाणाच्याच असतात. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. सायकलीच्या जोडाला गोल फिरायचं नसतं, थोडंसंच हलायचं असतं आणि भार मात्र खूप पेलायचा असतो. म्हणून कंपनीच्या बेअरिंगमध्ये बहुधा पिंजरा नसतो, त्या जागी जास्तीचे छर्रे भरलेले असतात. बाजारातली साधी बेअरिंग मापात बसते, चालते, पण लवकर खिळखिळी होते. तीनशे किलोमीटरवरच्या पुण्याहून मागवलेली येईपर्यंत सायकल कोपऱ्यात उभी ठेवण्यापेक्षा मला साधी लावून चालवणं पटतं. शॉकअपचं मात्र तसं नाही. त्याची हवेची आणि तेलाची सर्व्हिस ठरावीक तासांनंतर करावीच लागते. रॉकशॉक्स कंपनी फोर्कच्या खालच्या नळ्यांसाठी ५० तासांचा हिशोब सांगते. आमच्या फुफाट्यात त्याहून आधी उघडलं तरी आत माती सापडते. सील बदलायचं चाचांनी भाच्याच्या मदतीनं शिकून घेतलं. साठीच्या पुढचा माणूस, आणि नवीन वस्तू उघडताना डोळ्यांत लहान पोराचा उजेड. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला.

सायकल आली की लगेच दरीत नेऊ नये. आधी तिला आपलं वजन शिकवावं. हवेच्या शॉकअपवर एक बारीक रबरी कडी असते. हेल्मेट, पाठीवरची पाण्याची पिशवी, बूट, सगळं घालून सीटवर हलकेच बसायचं, कुणीतरी हँडल धरायचं, कडी सीलपर्यंत खाली सरकवायची आणि न झुलता उतरायचं. कडी जेवढी सरकली तेवढा शॉकअप नुसत्या आपल्या भारानं दबला. चाकाची चाल १३० मिमी असली तरी माझ्या शॉकअपच्या दांडीची चाल ५५ मिमी, त्याच्या ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी दबायला हवा. पहिल्यांदा बसले तर जेमतेम नऊ मिमी. आधीचा मालक माझ्यापेक्षा चांगला वीस किलोनं जड असणार, हवा त्याच्या मापाची. भाचा म्हणाला, "मावशी, तू बसलीस तरी हिला कळलंच नाही." शॉकपंपानं थोडी थोडी हवा सोडत आणलं. हवा कमी केली की उसळीचा वेग ठरवणारी लाल चकतीही सैल करावी लागते, नाहीतर दबलेला शॉकअप वेळेत वर येत नाही आणि पुढचा धोंडा त्याला दबलेलाच गाठतो. हलक्या अंगाच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, हे करूनच घ्यावं. 'फुल सस्पेन्शन असून हादरेच बसतात' ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांच्यापैकी बहुतेकांनी हवा कधी तपासलीच नव्हती.

हवेचं आणखी एक, आपल्या उन्हाचं. फेब्रुवारीतल्या सकाळी २० अंशांना १५० पीएसआय भरली आणि सायकल एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांत उभी राहिली, तर दाब साधारण १२ पीएसआयनं वाढतो. तेवढ्यानं सायकल कडक वाटते. म्हणून ज्या वेळेला आपण चढणार त्या वेळेच्या तापमानाला हवा बघावी.

आणि काटे. मराठवाड्यात सायकलीचा खरा शत्रू धोंडा नाही, सराटा आहे. शिवारातल्या कुठल्याही वाटेवर तो पसरलेला असतो, आणि कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच राहतं. त्यात पाणंदीच्या कडेनं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, कुंपण बदललं की वाटेवर राहिलेले लांब पांढरे काटे. ट्यूब घालून रानात जायचं म्हणजे पंक्चरचं सामान घेऊन फिरायचं. ट्यूबलेस करून आत सीलंट टाकलं की सराटा टोचतो, थोडा फेस येतो, भोक बुजतं. टोचलेला सराटा वाटेत उपटू नये, घरी येऊन काढावा. सीलंट थंड प्रदेशात टिकतं तितकं आपल्याकडे टिकत नाही. उन्हाळ्यात मी महिना-सव्वा महिन्यानं टायर हलवून कानाशी नेते; आत खळखळ ऐकू आली नाही की नवीन भरायचं. ट्यूबलेसमुळे हवा २२ पीएसआयच्या आसपास ठेवता येते, माझ्या वजनाला ती पुरते. त्या दाबात २.४ इंची टायर सुट्या गोट्यांवर जे धरून चालतं, ते कडक टायरला जमत नाही. चाकाच्या मापावर लोक इतकं बोलतात, त्याच्या निम्मं जरी टायरवर बोलले तर पुष्कळांचे पैसे वाचतील.

मृगाचा पाऊस पडला की मात्र पाणंदी बंद. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला असे थर चढतात की शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. फुल सस्पेन्शनला आणखी एक दुखणं, की पायडलमागच्या जोडात, फ्रेम आणि टायरच्या सांदीत माती ठासून बसते. काडीनं कोरून काढावी लागते, आणि जोरदार पाइपनं धुतलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं. म्हणून पावसाळ्यात मी मागे २.३ चं टायर लावते, फ्रेमशी थोडी जागा राहते, आणि फक्त बरडावर जाते. मुरमात पाणी जिरतं. पावसाळ्यातलं बरड रान, कोवळं गवत, पहिली सीताफळं धरलेली झुडपं, या दिवसांत बालाघाटासारखी जागा दुसरी नाही असं मला वाटतं आणि ते मी कुणापुढेही म्हणायला तयार आहे.

दरीतून वर येताना शेवटच्या टप्प्याला एक वळण आहे. डाव्या हाताला पाषाणाची भिंत, उजवीकडे घसारा, मध्ये तीन पायऱ्या. हार्डटेलवर तिथं मी दरवेळी उतरायची. आता तिथं काय करायचं ते अंगवळणी पडलंय. शॉकअप मोकळा ठेवलेला, सीट अर्धी वर, सगळ्यात हलका गिअर, बसूनच राहायचं, हनुवटी हँडलकडे. पहिल्या पायरीला पुढचं चाक लागायच्या आत अर्धा पायडल, मग मागचं टायर पायरीला टेकतं, शॉकअप हुंकारल्यासारखा दबतो, आणि त्याच दमात दुसरा अर्धा. उन्हानं जीव घाबरा झालेला असतो. तरीही बऱ्याच वेळा तिन्ही पायऱ्या चढून जाते. कधी तिसरीला अडते. मग ढकलत वर येते, त्याचं काही वाटत नाही.

भाच्याला मी २७.५ घे म्हणणार नाही. पाच फूट दहा इंचांचा पोरगा, राहायला लातूरला, जायचं बहुतेक डांबर आणि कच्च्या रस्त्यांनी, कधीतरी माझ्याबरोबर दरीत. त्याला २९ ची हार्डटेलच बरोबर. उरलेल्या पैशांत चांगला हवेचा फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक येतील. दिवाळीनंतर आम्ही दोघं पुण्याला जाणार आहोत. चढाचा तो बोळ मी शोधून ठेवलाच आहे, आणि चाचांनी बजावलंय की घेताना हबचे नंबर लिहून आणा.